बारा मोठे की वीस? : रानटर्कीच्या शिकारीची बंदूक

कोकणात किंवा गोव्याच्या डोंगरपट्ट्यात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बाळगलेली बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या कानांवरून 'बारा बोअर' हे शब्द अनेकदा गेलेले असतात. परंतु हे बारा म्हणजे बारा काय, अशी पृच्छा सहसा कोणी करीत नाही. ती केली की कोडे पडते. वीस बोअरची बंदूक शेजारी ठेवून पाहावी तर तिची नळी बारा बोअरच्या नळीहून अरुंद निघते, अठ्ठावीस बोअरची त्याहूनही अरुंद, आणि जिला 'चारशे दहा' असे भारदस्त नाव आहे ती तर या सर्वांत बारीक. आत भरावयाच्या छऱ्यांचाही तोच प्रकार : चार नंबरचा छर्रा मोठा, नऊ नंबरचा लहान. अमेरिकेत वसंत ऋतूत रानटर्कीच्या शिकारीस निघू पाहणारा नवखा मनुष्य दुकानात शिरतो, तेव्हा हे उलटे आकडे त्याच्यापुढे ओळीने मांडले जातात, आणि गोंधळून गेलेल्या माणसाच्या स्वभावानुसार तो सर्वांत मोठ्या भोकाची व सर्वांत लांब काडतुसाची बंदूक पसंत करून बाहेर पडतो. माझ्या मते ही निवड बहुधा चुकीची असते. ती का चुकीची, हे कळण्यास थोडे गणित, थोडे पदार्थविज्ञान आणि त्या पक्ष्याच्या शरीराची थोडी माहिती एवढे भांडवल पुरते.

एक रत्तल शिसे

ज्या काळी नळीचा आतील व्यास सूक्ष्मतेने मोजण्याची साधने कारागिरापाशी नव्हती, परंतु तराजू मात्र प्रत्येकाच्या घरी होता, त्या काळात या मोजणीचा उगम आहे. एक रत्तल शिसे घेऊन त्याच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या ओतल्या, आणि त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसली, ती नळी बारा बोअरची. त्याच रत्तलभर शिशाच्या वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार हे उघड आहे, व तिच्या मापाची नळीही अरुंद होणार. एका शेर कणकेचे बारा लाडू वळले तर ते मोठे होतात आणि वीस वळले तर लहान, हे आपल्या घरातील कोणतीही गृहिणी सांगेल. बंदुकीचा बोअर याहून अधिक गूढ नाही. मिलिमीटरमध्ये सांगावयाचे तर बारा बोअरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५, वीस बोअरचा १५.६ आणि अठ्ठावीस बोअरचा १४ भरतो. चारशे दहा हा मात्र या कुटुंबात बाहेरून आलेला आकडा आहे. तो गोळ्यांची संख्या सांगत नसून व्यास सांगतो, म्हणजे एका इंचाचे ४१० सहस्रांश, अर्थात सुमारे १०.४ मिलिमीटर.

बोअरइतकेच महत्त्व कोठीच्या लांबीला आहे. नळीच्या मागील टोकास जेथे काडतूस बसते त्या जागेस कोठी म्हणू. बारा बोअरच्या बंदुकीत ती पावणेतीन, तीन किंवा साडेतीन इंचांची असते. यांपैकी साडेतीन इंची काडतूस १९८८ साली बाजारात आले आणि त्याने टर्कीच्या शिकाऱ्यांना विलक्षण मोह घातला, कारण त्यात दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम छर्रे मावतात. येथे एक सूचना अवश्य द्यावयास हवी. काडतुसाची जी लांबी पेटीवर छापलेली असते ती बार उडाल्यानंतरची, म्हणजे तोंडाची दुमड उलगडल्यानंतरची असते. त्यामुळे तीन इंची काडतूस पावणेतीन इंची कोठीत कित्येकदा बिनबोभाट शिरते, आणि बार उडताना दुमड उलगडण्यास जागा न मिळाल्याने आतील दाब धोकादायक प्रमाणात वाढतो. लहान काडतूस मोठ्या कोठीत चालते. उलट कदापि चालत नाही. कोठीचे माप नळीवर कोरलेले असते, ते वाचल्यावाचून काडतूस भरू नये.

लक्ष्य केवढे?

रानटर्कीचा पूर्ण वाढ झालेला नर सात ते अकरा किलोंचा असतो. उत्तर अमेरिकेच्या वनांतील हा मूळ रहिवासी. पूर्वेकडील, फ्लोरिडातील, टेक्सासच्या बाजूचा, पश्चिमेकडील पर्वतांतील आणि मेक्सिकोला लागून असलेला अशा त्याच्या पाच उपजाती शिकारीच्या पुस्तकांत सांगितलेल्या असतात. एवढ्या मोठ्या पक्ष्यास मारण्यास मोठी बंदूक हवी, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु छर्रा त्याच्या देहावर मारावयाचा नसतोच. नराच्या छातीवर व पंखांवर पिसांचे व स्नायूंचे इतके जाड आवरण असते की, तीन मिलिमीटरचा छर्रा त्यात बहुधा अडकून राहतो, पक्षी जखमी अवस्थेत उडून जातो आणि कोठे तरी झुडपात तडफडून मरतो. ज्याच्या ठायी काही लाज आहे असा शिकारी ही गोष्ट टाळतो. त्याचे मर्मस्थान म्हणजे मस्तक आणि मानेचे मणके. मेंदू लहान, मणक्यांची ओळ बोटाएवढी जाड, आणि हे सर्व पिसांवाचून उघडे.

हे उघडे मस्तक म्हणजे एक नवलच आहे, आणि त्याचे एक फार चांगले वर्णन आपल्याच देशात झालेले आहे. १६१२ साली मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याच्या पोर्तुगीज बंदरातून बादशहा जहांगीरसाठी जे अपूर्व जिन्नस खरेदी करून नेले, त्यांत एक टर्कीही होता. बादशहाने आपल्या आत्मचरित्रात त्याची तपशीलवार नोंद केली : माजावर आला की हा पक्षी मोरासारखा पिसारा फुलवितो, आणि त्याच्या डोक्याचा व मानेचा रंग क्षणोक्षणी पालटतो, कधी पोवळ्यासारखा तांबडा, कधी कापसासारखा पांढरा, कधी पिरोजासारखा निळा. दरबारातील चित्रकार उस्ताद मन्सूर याच्या नावाशी निगडित असलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जहांगीरने जे तीन रंग नोंदले तेच तांबडा, पांढरा व निळा हे रंग आज अमेरिकी शिकाऱ्याने अंगावर घालू नयेत, अगदी हातरुमालदेखील त्या रंगांचा नको, असा दंडक आहे. कारण झाडीत दडून मादीचा आवाज काढणाऱ्या माणसाच्या गळ्याशी असा रंग चमकला तर दुसरा एखादा उतावळा शिकारी त्यालाच नर समजून बार काढतो. असे अपघात झालेले आहेत.

मादीचा आवाज काढणे हाच या शिकारीचा गाभा आहे. टर्की रात्री झाडावर बसतात; पहाटे नर तेथूनच घोगरी, गडगडणारी हाक देतो. शिकारी त्याआधीच अंधारात येऊन, आपल्या खांद्यांहून रुंद अशा बुंध्याला पाठ टेकून, गुडघ्यावर बंदूक ठेवून बसलेला असतो, आणि लाकडी पेटी घासून, पाटीवर काडी फिरवून किंवा तोंडातील पातळ पडद्यातून फुंकर घालून मादीची साद हुबेहूब वठवितो. नर पायी चालत येतो. त्याची दृष्टी अत्यंत तीक्ष्ण असून रंग त्याला उत्तम ओळखता येतात. डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्याने मागचा थोडका भाग सोडला तर सर्व दिशा तो एकाच वेळी पाहतो. जवळ आल्यावर तो पिसारा फुलवून मान आखडून घेतो, मस्तक पिसांत रुतल्यासारखे होते, आणि अशा वेळी बार काढणे अयोग्य असते. जाणता शिकारी हलकेच एक 'टक्' असा आवाज करतो. नर दचकून पिसे मिटतो, मान उंच करतो, आणि त्या एक-दोन क्षणांत निर्णय होतो.

म्हणजे बंदुकीकडून अपेक्षा काय, तर बसलेल्या माणसाने, फारशी हालचाल न करता, ४० वारांच्या आत स्थिर उभ्या असलेल्या पक्ष्याच्या मस्तक-मानेवर अनेक छर्रे एकाच वेळी घालावेत. उडत्या बदकामागे नळी फिरवून बार काढणाऱ्या बंदुकीची ही परीक्षाच नव्हे.

नळीच्या तोंडाशी एक मिलिमीटर

बार उडाला की तीनशेच्या आसपास छर्रे नळीतून एकत्र बाहेर पडतात आणि पुढे जाता जाता पसरतात. नळी शेवटपर्यंत सारख्या व्यासाची असेल तर ४० वारांवर तीस इंची वर्तुळात त्यांतील सुमारे ४० टक्केच सापडतात. बाकीचे आजूबाजूस जातात. आता नळीच्या तोंडाशी तिचा व्यास किंचित, बारा बोअरमध्ये जेमतेम एक मिलिमीटर, कमी केला तर तेच प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवर जाते. या संकोचास चोक म्हणतात. त्यातून जाताना छऱ्यांचा पुंज थोडा लांबट होतो, कडेच्या छऱ्यांना आतल्या दिशेने यत्किंचित गती मिळते, आणि छर्रे जिच्यात भरलेले असतात ती मागून येणारी प्लॅस्टिकची डबी थोडी रोखली गेल्याने पुंजात घुसून त्यास विस्कटीत नाही. इंग्लंडात न्यूकॅसलच्या विल्यम पेप या बंदूककाराने याचे पेटंट १८६६ साली घेतले. अमेरिकेत इलिनॉयचा बदकांचा शिकारी फ्रेड किंबल याचे नाव या शोधाशी जोडतात. श्रेय कोणाचे, हा वाद जुना आहे व त्यात आपण पडण्याचे कारण नाही.

टर्कीसाठी याहूनही आवळ, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास संकोच असलेले चोक मिळतात. ते आट्यांनी नळीच्या तोंडात बसवावयाचे असल्याने एकाच बंदुकीस निरनिराळे लावून पाहता येतात, आणि बंदुकीच्या मानाने त्यांची किंमत थोडकी असते. परंतु आवळले की चांगले हा नियम अनिर्बंध नाही. एका मर्यादेपलीकडे मऊ शिशाचे छर्रे दाबले जाऊन चपटे होतात, चपटा छर्रा हवेत सरळ जात नाही, आणि पुंज घट्ट होण्याऐवजी विरळ होतो. ही मर्यादा कोठे आहे हे नळीवर, काडतुसावर आणि छऱ्याच्या धातूवर अवलंबून असल्याने कोणत्याही जाहिरातीवरून ठरविता येत नाही. पोलादी किंवा अन्य कठीण छर्रे तर अत्यंत आवळ चोकमधून उडविल्यास नळीलाच इजा होण्याचा संभव असतो. चोकवर त्याविषयी लिहिलेली सूचना पाळावी.

आवळ चोकची दुसरी अडचण जवळच्या अंतरावर दिसते. दहा वारांवर सर्व छर्रे मुठीएवढ्या जागेत जातात. त्या अंतरावर नेम दोन-तीन इंच चुकला तर पक्ष्यास एकही छर्रा लागत नाही. नर अकस्मात दहा पावलांवर येऊन उभा राहिला आणि बार वाया गेला, अशा ज्या हकिगती शिकारी एकमेकांस सांगतात, त्यांतील पुष्कळांचे कारण हेच असते.

लहान छर्रा, जड धातू

आता या विषयाचे मर्म येते. छर्रा हवेतून जाताना त्याचा वेग हवेच्या विरोधाने घटतो. हा विरोध छऱ्याच्या समोरील क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. परंतु त्या विरोधास न जुमानता पुढे जाण्याची त्याची शक्ती त्याच्या वस्तुमानावर, म्हणजे व्यासाचा घन गुणिले धातूची घनता, यावर. भागाकार केला की उरते ते घनता गुणिले व्यास. हा गुणाकार जितका मोठा तितका छर्रा दूरवर वेग टिकवून धरणार, आणि मर्मस्थानी पोचल्यावर खोल शिरणार.

शिशाची घनता पाण्याच्या सुमारे ११ पट. अमेरिकी मोजणीत चार नंबरचा छर्रा ३.३ मिलिमीटर व्यासाचा असतो, पाच नंबरचा ३ मिलिमीटरहून किंचित अधिक, सहा नंबरचा २.८, नऊ नंबरचा २. पिढ्यानुपिढ्या टर्कीच्या शिकाऱ्यांनी चार, पाच किंवा सहा नंबरचे शिसे वापरले, आणि येथे त्यांना नित्य एक तडजोड करावी लागे : छर्रा मोठा घ्यावा तर एका औंसात १३५च मावतात, लहान घ्यावा तर २२५ मावतात परंतु प्रत्येकाचा जोर कमी. मधला पाच नंबर, औंसात सुमारे १७०, हा पुष्कळांचा आवडता.

टंगस्टन या धातूच्या मिश्रणापासून केलेल्या नव्या छऱ्यांची घनता पाण्याच्या १८ पट आहे, म्हणजे सोन्याच्या फारशी खाली नाही. हौशी शिकारी असे छर्रे घरी भरून काही वर्षे वापरीत होते. २०१८च्या सुमारास मोठ्या कारखान्यांनी त्यांची तयार काडतुसे विकावयास काढली. वरील गुणाकार करून पाहावा. चार नंबरचे शिसे : ११ गुणिले ३.३, म्हणजे सुमारे ३६. नऊ नंबरचे टंगस्टन : १८ गुणिले २, म्हणजे पुन्हा ३६. दोन मिलिमीटरचा बारीक छर्रा सव्वातीन मिलिमीटरच्या शिशाइतकाच वेग टिकवितो, आणि एका औंसात १३५च्या ऐवजी सुमारे ३६० मावतात. वर तो इतका कठीण की नळीत चपटा होत नाही, म्हणून पुंजही घट्ट राहतो.

> हिशेबाची चौकट
> बारा बोअर, तीन इंची काडतूस, पावणेदोन औंस (५० ग्रॅम) शिसे, पाच नंबर : सुमारे ३०० छर्रे.
> बारा बोअर, साडेतीन इंची काडतूस, दोन औंस (५७ ग्रॅम) शिसे, पाच नंबर : सुमारे ३४० छर्रे.
> चारशे दहा, तीन इंची काडतूस, औंसाचे तेरा-सोळांश (२३ ग्रॅम) टंगस्टन, नऊ नंबर : सुमारे २९० छर्रे.

चौकटीतील शेवटची ओळ पुन्हा वाचावी. लहान मुलांना सशा-खारींवर नेम शिकविण्यासाठी म्हणून जी बंदूक घरात असे, ती आज आपल्या वडिलांच्या बारा बोअरइतके छर्रे, तितक्याच जोराने, त्याच अंतरावर पोचविते. एका धातूने बोअरची प्रतिष्ठा उतरविली असे म्हणण्यास हरकत नाही. अर्थात् याची किंमत मोजावी लागते : टंगस्टनच्या एकेका काडतुसास कित्येक डॉलर पडतात. परंतु टर्कीच्या सबंध हंगामात कायद्याने मोजकेच नर मारावयाची मुभा असते, तेव्हा एक लहान पेटी पुष्कळ दिवस पुरते.

शिशाविषयी आणखी एक गोष्ट. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांना १९९१पासून सर्व अमेरिकेत मनाई आहे, कारण दलदलीत पडलेले छर्रे पक्षी गिळतात व विषबाधेने मरतात. कॅलिफोर्नियाने २०१९पासून सर्वच शिकारीत शिसे वर्ज्य केले. अन्यत्र टर्कीसाठी ते बहुतांशी चालते. पोलादाची घनता पाण्याच्या आठपटीहूनही थोडी कमी असल्याने तो स्वस्त पर्याय या कामास दुबळा ठरतो.

खांद्याचा जमाखर्च

छर्रे जितक्या संवेगाने पुढे जातात तितक्याच संवेगाने बंदूक मागे येते. न्यूटनच्या या नियमातून कोणत्याही कारखानदाराची सुटका नाही. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. वेग साधारण सारखाच राहतो, म्हणून ५७ ग्रॅम छर्रे उडविणाऱ्या काडतुसाचा धक्का २३ ग्रॅमवाल्याच्या अडीच पट, आणि दोन्ही बंदुका एकाच वजनाच्या असतील तर खांद्यास मिळणारी ऊर्जा अडीचचा वर्ग, म्हणजे सहा पटींहून अधिक. बंदूक हलकी केली तर दुखणे आणखी वाढते : वजन निम्मे, ऊर्जा दुप्पट. साडेतीन इंची काडतूस आणि तीन किलोंची हलकी बंदूक हा संयोग ज्याने खांद्यावर अनुभवला आहे, तो पुढच्या बाराच्या आधी डोळे मिटतो. हे बिचकणे हाडीमांसी खिळले की चाप ओढताना नळी खाली जाते आणि चाळीस जादा छऱ्यांचा फायदा क्षणात नाहीसा होतो. मोठी काडतुसे विकणारे चाळीस छर्रे मोजून दाखवितात. धक्का मोजून दाखविणारा विक्रेता विरळा.

स्त्रिया, किशोरवयीन मुले व सडपातळ माणसे यांना दुकानांत पुष्कळदा हलकी म्हणून अगदी कमी वजनाची बारा बोअर सुचविली जाते; ही त्यांची शुद्ध फसवणूक आहे, मग ती अजाणता झालेली का असेना. त्यांच्या हाती वीस बोअर द्यावी.

दस्ता, माशी आणि बाकीचे

नेम धरताना गाल दस्त्यावर टेकलेला असला पाहिजे. पक्षी नीट दिसावा म्हणून माणूस नकळत मान वर उचलतो, डोळा वर जातो, आणि नळीच्या टोकावरील माशी लक्ष्यावर दिसत असूनही नळी वर रोखलेली राहते. छर्रे डोक्यावरून जातात. टर्की चुकण्याचे हे अत्यंत सामान्य कारण आहे. म्हणून एका माशीच्या बंदुकीपेक्षा जिच्यावर पुढेमागे दोन खुणा जुळवाव्या लागतात ती, किंवा लहान भिंगात लाल ठिपका दाखविणारे यंत्र बसविलेली बंदूक या शिकारीस श्रेयस्कर. दस्त्याची लांबीही आपल्या हाताला बेताची हवी. जाड कोट घालून, बसल्या अवस्थेत, बंदूक खांद्याशी आणून पाहावी, कारण दुकानात उभे राहून ती जशी भासते तशी ती झाडाखाली भासत नाही.

नळी लांब असली की बंदूक दूर मारते, ही काळ्या दारूच्या काळातील समजूत अद्याप तग धरून आहे. आजची दारू लवकर जळते. बावीस-चोवीस इंचांच्या नळीस काही कमी पडत नाही, आणि झुडपांत ती फांद्यांना अडकत नाही. पुंजाचे काम चोक करतो, नळीची लांबी नव्हे. नळी चकचकीत नसावी, एवढे पाहावे.

बार भरण्याच्या यंत्रणेविषयी लोक फार वाद घालतात. मला त्यात विशेष रस नाही. पुढचा दांडा मागेपुढे सरकवून काडतूस बदलणारी पंप बंदूक स्वस्त व भरवशाची असते. १९५०मध्ये निघालेल्या रेमिंग्टन ८७०चे एक कोटीहून अधिक नग विकले गेले, याहून मोठी शिफारस ती काय असणार. वायूच्या दाबावर चालणारी अर्धस्वयंचलित बंदूक धक्का थोडा लांबवून सौम्य करते, परंतु महाग असते. मधून मोडणारी एकनळी सर्वांत साधी. आणि स्थिर नरावर पहिलाच बार महत्त्वाचा असल्याने ती येथे मुळीच कमी प्रतीची नाही.

कागदावरची कसोटी

एवढे सर्व जुळवून आणले तरी एक काम राहते, आणि तेच बहुतेक लोक टाळतात. चार फूट औरसचौरस कागद ४० वारांवर लावावा, मध्यभागी ठळक खूण करावी, मेजावर बंदूक टेकवून, कानांत बोळे घालून, एक बार काढावा. मग छऱ्यांची सर्वांत दाट वस्ती जेथे आहे तेथे दहा इंच व्यासाचे वर्तुळ काढून आतील छिद्रे मोजावीत. शंभर किंवा अधिक भरली तर ती जोडी, म्हणजे ती नळी, तो चोक व ते काडतूस, उत्तीर्ण. शंभरच का? या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर. शंभर छर्रे म्हणजे दर पाच चौरस सेंटिमीटरांस एक. मेंदू व मणके मिळून वीस-पंचवीस चौरस सेंटिमीटरांचे लक्ष्य धरले तर चार-पाच छर्रे मर्मी लागण्याची खात्री पटते. सत्तरच भरली तर चोक किंवा काडतूस बदलून पाहावे, अथवा ३० वारांपलीकडे बार काढावयाचा नाही असा स्वतःशी करार करावा.

त्याच कागदावर दुसरी गोष्टही तपासावी : दाट वस्तीचा मध्य खुणेवर आहे, की चार इंच डावीकडे? पुष्कळ नव्या बंदुका सरळ मारीत नाहीत. माशीऐवजी हलविता येणारी दर्शिका असेल तर दोष दूर करता येतो. हे काम स्वस्त हलक्या काडतुसांनी करावे आणि महाग टंगस्टनची दोन-तीनच शेवटी खर्ची घालावीत. सर्वांत शेवटी दहा वारांवर एक बार काढून पुंज केवढा लहान आहे हे डोळ्यांनी पाहावे. मग जवळच्या नरावर उतावीळपणा होत नाही.

दुकानापूर्वी कायदा

प्रत्येक राज्याचे कायदेकानू वेगळे आहेत. वसंतातील हंगामात बहुतेक राज्यांत छऱ्याची बंदूक व धनुष्यबाण एवढ्यांनाच परवानगी असते, रायफलीस मनाई असते. छऱ्याच्या आकारावर, कोठे कोठे बोअरवरही, मर्यादा असते. आणि दाढी असलेला पक्षी, म्हणजे छातीवरून राठ केसांसारख्या पिसांचा झुपका लोंबणारा, तोच मारता येतो. त्या त्या राज्याच्या वन्यजीव खात्याचे चालू सालचे नियमपत्रक वाचल्याशिवाय चारशे दहा विकत घेऊ नये. तेथे नोकरीनिमित्त गेलेल्या आपल्या मंडळींसाठी एक विशेष बाब : तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी व्यक्तीस बंदूक बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारण मनाई असून वैध शिकार-परवाना हा तिला असलेल्या अपवादांपैकी एक आहे. म्हणजे शिकारीचे शिक्षण, मग परवाना, मग जाणकाराचा कायदेशीर सल्ला, आणि त्यानंतर दुकान, असा क्रम आहे. हा क्रम उलटा केल्यास प्रकरण गंभीर होते. भारतात तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही.

बंदुकीच्या किमतीत एक कर अंतर्भूत असतो, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये लांब बंदुका व काडतुसे यांवरील ११ टक्के अबकारी कराचे उत्पन्न राज्यांना वन्यजीवांच्या पुनर्वसनासाठी वाटले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार कत्तल व वृक्षतोड यांमुळे रानटर्की अनेक राज्यांतून नामशेष झाला होता. पिंजऱ्यात वाढविलेले पक्षी सोडून पाहिले, ते रानात तगले नाहीत; १९५०च्या दशकापासून तोफेने उडविलेल्या जाळ्यांखाली रानातील कळप पकडून रिकाम्या वनांत नेऊन सोडण्यात आले, ते मात्र फोफावले. आज त्यांची संख्या लाखोंनी मोजावी लागते, आणि या कामाचा मोठा खर्च शिकाऱ्यांच्या परवान्यांतून व वरील करातून निघाला.

मग कोणती घ्यावी? ज्यास केवळ टर्कीच मारावयाचा आहे त्याने वीस बोअरची, तीन इंची कोठीची, बावीस ते चोवीस इंच नळीची, चोक बदलता येणारी व दर्शिका बसविण्याची सोय असलेली, तीन किलोंच्या आसपास वजनाची बंदूक घ्यावी. ज्यास त्याच बंदुकीने बदकेही मारावयाची आहेत त्याने तीन इंची कोठीची बारा बोअर. साडेतीन इंचीच्या वाटेस जाऊ नये, आणि चारशे दहा ही अनुभवी, संयमी माणसासाठी राखून ठेवावी, कारण तिच्यात टंगस्टनवाचून गत्यंतर नाही. या हिशेबाने जे पैसे वाचतील त्यांची काडतुसे घ्या, आणि हंगाम उघडण्यापूर्वी ती कागदावर झाडून छिद्रे मोजा.